सुदाम्याचे पोहे आणि उघडे राहिलेले खाते

इंदूर शहराच्या पश्चिम भागात, अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात, सुदामा नगर नावाची मोठी वसती आहे. सकाळच्या वेळी इंदुरात जेथे जावे तेथे पोह्यांच्या परातीतून वाफ निघत असते. पैसे द्यावे, पोहे घ्यावे आणि कामाला लागावे, असा हा रोखठोक व्यवहार. पण वसतीचे नाव ऐकले की दुसऱ्याच पोह्यांची आठवण होते, आणि त्या पोह्यांचा व्यवहार मात्र इतका सरळ नव्हता.

भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा श्रोत्यांच्या परिचयाची आहे. मूळ कथेत त्या ब्राह्मणाचे नाव आलेले नाही. सुदामा हे नाव मागाहून रूढ झाले. परंतु दुसरी एक गोष्ट मुळात स्पष्ट आहे, आणि कीर्तनाच्या रंगात ती अनेकदा निसटून जाते. ते पोहे सुदाम्याच्या घरचे नव्हते. त्याच्या पत्नीने शेजारपाजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी मागून आणले आणि चिंधीत बांधून दिले. म्हणजे द्वारकेस पोहोचलेली भेट ही आधीच कोणाची तरी भेट होती! पुढे सुदाम्याने लाजून काही मागितले नाही आणि कृष्णाने काही कबूल केले नाही. एक मूठ खाऊन झाली, दुसऱ्या मुठीला रुक्मिणीने हात धरला, आणि पाहुणा रिकाम्या हाताने परत निघाला. त्याला जे मिळाले ते घरी गेल्यावर. साऱ्या प्रसंगात किमतीचा उच्चार एकदाही नाही.

बाजारातील देवघेवीचे मर्म आपल्या भाषेतील एका शब्दात सामावले आहे. तो शब्द म्हणजे फिट्टंफाट. पैसे मोजले, वस्तू घेतली, आता तुझे माझ्याकडे काही नाही आणि माझे तुझ्याकडे काही नाही. हा संबंध पूर्ण होतो तो तुटण्यासाठीच. भेटीचा व्यवहार ह्याच्या उलट असतो. शेजारणीने वाटीभर खीर पाठविली, तर ती वाटी धुऊन रिकामी परत करावयाची नाही, हा संकेत आपल्या घरांतून अजून पाळला जातो. वाटीत काय घालावे ह्याला दर नाही. कधी घालावे ह्याला मुदत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तेवढीच खीर मोजून परत पाठविली, तर शेजारीण ती परतफेड न समजता अपमान समजेल. खाते उघडे ठेवणे हेच ह्या व्यवहाराचे भांडवल आहे.

पाश्चात्य विद्वानांनी ह्या विषयाकडे गेल्या शतकात गंभीरपणे पाहिले. मालिनोव्स्की ह्यांनी १९२२ साली न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवरील ‘कुला’ नावाच्या प्रथेचे वर्णन प्रसिद्ध केले. तांबड्या शिंपल्यांचे हार बेटांच्या वर्तुळातून एका दिशेने आणि पांढरी बाहुभूषणे उलट दिशेने फिरत राहतात. कोणीही ती कायमची ठेवून घेत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस ह्यांनी १९२५ सालच्या आपल्या निबंधात अशा अनेक समाजांची तुलना करून दाखविले की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटीत गुंतलेली असतात. एक बाब मात्र नेहमी सांगितली जात नाही. त्याच बेटांवर, त्याच होड्यांतून, घासाघीस करून चालणारा साधा सौदाही होत असे आणि त्याला निराळे नाव होते. तेव्हा भेट ही आदिमानवाची रीत आणि बाजार ही सुधारलेल्यांची, ही समजूत टाकून दिलेली बरी. दोन्ही शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

आपल्याकडे शेतीत सावड होती, इर्जिक होती. एकाच्या घरी एकच बैल, दुसऱ्याच्याही घरी एकच. दोघांची जोडी जमवून आज तुझे रान, उद्या माझे. इर्जिकीत सारे गाव आपापली औते घेऊन एका शेतकऱ्याच्या रानात उतरे आणि तो त्यांना जेवण घाली. मजुरी नाही. बी-बियाणे आहे पण मनुष्यबळ नाही, अशा घराला हा केवढा आधार होता, हे शेतीत राबलेल्यांना सांगावयास नको.

इथवर ऐकून कोणास वाटेल की बाजार मोडून पुन्हा सावडीकडे जावे. अशा हळव्या मंडळींनी बलुतेदारीचा इतिहास जरूर पाहावा. बलुतेदारीतही रोख किंमत नव्हती. वर्षभर काम करावयाचे आणि सुगीला खळ्यावरचे धान्य घ्यावयाचे. पण गावची वतनी कामे अंगावर असलेल्या महाराला ‘मी हे काम करीत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. त्याला मिळे ते इतरांच्या मर्जीने, आणि त्याच्याकडून घेतले जाई ते रूढीच्या हक्काने. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते ह्यासाठीच; ती कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मुंबईच्या गोदीत वा गिरणीत ठरलेल्या दिवशी हाती पडणारा रोख पगार ही त्या माणसाच्या दृष्टीने केवढी मोकळीक होती! मालकाचे तोंड न पाहता त्याला बाजारातून हवे ते घेता येई. फिट्टंफाट ह्या शब्दाची किंमत त्याला विचारावी.

लग्नातील देण्याघेण्याचेही असेच. आहेराची वही ठेवणे हा एक निरुपद्रवी व्यवहार. पण वधूपक्षाच्या ‘खुषीच्या’ भेटींनी किती घरे बुडविली! १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवावी असे ठरविले. भेटीची सरकारी यादी करावी लागणे ह्यावरूनच रोग किती मुरला होता हे कळते. जी भेट नाकारता येत नाही, ती देणाऱ्याच्या बाजूने खंडणी होते आणि घेणाऱ्याच्या बाजूने वेठ.

ह्या अडचणीचा विचार ज्यांनी केला होता अशा एका पुरुषाचा इंदूर शहराशी निकटचा संबंध आला. विनोबा भावे हे कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. विनोबांची मागण्याची रीत मोठी विचक्षण होती. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. मुलगा वाटा मागतो तेव्हा तो भिक्षा मागत नाही. दान म्हणजे योग्य वाटणी, हा अर्थ त्यांनी आग्रहाने मांडला, तो घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून.

चंबळ खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवल्यावर, १९६० च्या पावसाळ्यात, विनोबा इंदुरास आले. रोज मुक्काम हलविणारा हा पदयात्री येथे सुमारे महिनाभर राहिला. अहिल्याबाईंच्या पुण्याईने नावाजलेले हे शहर सर्वोदयनगर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. येथील विसर्जन आश्रम त्याच मुक्कामातला. अहिल्याबाईंचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे हे राज्यकर्तीचे दान होते. यात्रेकरूने त्याची परतफेड करावयाची नव्हती. विनोबांनी मागितले ते सर्वोदयपात्र: घरात एक भांडे ठेवावे आणि घरातल्या लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकावे. मूठ मुलाची, कारण ती लहान असते आणि सवय मात्र मोठी लागते. माझ्या मते भूदानातील लाखो एकरांपेक्षा ही कल्पना अधिक पक्की होती.

कारण भूदानाचा हिशेब फारसा सुखाचा नाही. १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाली ती चाळीस लाखांहून थोडी अधिक, आणि प्रत्यक्ष वाटप झाले ते त्याच्या निम्म्याच्या आसपास. कोठे जमीन खडकाळ निघाली, कोठे वादातली, कोठे दात्याच्या वारसांनी कब्जा सोडला नाही. सभेतल्या भरात दान झाले. पुढे देणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्ये रोजचे येणेजाणे उरले नाही, आणि कागद तलाठ्याच्या दप्तरात पडून राहिला. ह्याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या छोट्या गावाने २०१३ साली, महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली, आपापल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. त्या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वानुमते होतात. नकार देणारा एक जरी असला तरी चर्चा पुढे चालू राहते. ग्रामदान तेथे रुजू शकले ह्याचे हे कारण मला वाटते.

मग ज्यांची कधी गाठ पडणार नाही, अशा माणसांत भेटीचा व्यवहार चालतच नाही काय? एका ठिकाणी आपण तो कायद्याने चालविला आहे. रक्त विकत देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयाने बंदी आली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आली. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवितो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. रिचर्ड टिटमस ह्या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली ब्रिटन आणि अमेरिका ह्यांची तुलना करून हेच दाखविले होते: ह्या एका मालाच्या बाबतीत विकत घेतलेल्यापेक्षा फुकट मिळालेले अधिक चांगले असते. तरीही आपल्याकडे अनेक ठिकाणी रुग्णाला रक्त देताना नातेवाइकांना सांगितले जाते की बदली दाता आणा, एका पिशवीस एक पिशवी. रात्री अकरा वाजता रक्तपेढीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या, परगावाहून आलेल्या माणसाने असा दाता कोठून आणावयाचा? मग दारात घुटमळणारा कोणी तरी गुपचूप पैसे घेऊन ‘नातेवाईक’ होतो, आणि ज्या बाजाराला कायद्याने पुढच्या दाराने घालविले, तो मागच्या दाराने आत येतो. ज्या शहरांत स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची संख्या पुरेशी असते, तेथे त्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.