कॅसेटमधली फुंकर आणि प्रयोगातला कंट्रोल

परवा लॅबमध्ये नव्याने आलेल्या ज्युनिअरने विचारलं, "दादा, प्रयोग जमला, उत्तर आलं. मग कंट्रोल कशाला करत बसायचा?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण एका जुन्या गेमच्या दुरुस्तीकडे बघू.

लहानपणी टीव्ही गेम खेळला असेल तर आठवेल. कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, जोरात फुंकर मारायची, परत लावायची. बऱ्याचदा लागायचीच! आपल्याकडचे ते गेम बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या (जपान, १९८३) नकला होत्या. अमेरिकेत १९८५ मध्ये त्याचंच भावंड आलं, एनईएस. तिथली पोरंही फुंकरच मारायची.

एनईएसचा नेहमीचा आजार म्हणजे लाल दिवा लुकलुकतो आणि गेम सुरूच होत नाही. असं का होतं? या यंत्रात कॅसेट व्हिडिओ प्लेअरसारखी समोरून आत सरकवून खाली दाबायची असते. आत ७२ पिनांचा कनेक्टर आहे. वापराने त्याच्या पिनांची पकड सैल होते आणि कॅसेटच्या पट्ट्यांवर मळ बसतो. शिवाय यंत्रात एक कुलूप-चिप आहे आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचं बोलणं जुळलं नाही तर यंत्रातली चिप साधारण सेकंदाला एकदा सगळं रिसेट करते. दिवा लुकलुकतो तो म्हणून. म्हणजे दिवा हे लक्षण झालं, खरं कारण बहुतेक वेळा खराब कॉन्टॅक्ट.

मग फुंकरीने गेम कसा लागायचा? कॅसेट काढून परत लावली की धातूवर धातू घासतो, पिना जरा वेगळ्या जागी टेकतात आणि कॉन्टॅक्टला आणखी एक संधी मिळते. काम व्हायचं ते या काढण्या-लावण्याने, श्रेय मिळायचं फुंकरीला. उलट श्वासातल्या ओलाव्याने धातू गंजायला मदतच होते. निन्टेंडोनेही फुंकर मारू नका असंच सांगितलं होतं. पण "न फुंकता नुसती काढून लावून बघू" हा प्रयोग आपल्यापैकी कोणी केला? तोच कंट्रोल!

आज हे यंत्र दुरुस्त करणारे आधी कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, मग कनेक्टर साफ करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तो बदलतात. एक शॉर्टकटही आहे. कुलूप-चिपची चौथी पिन तोडली की रिसेट थांबतो, दिवा स्थिर होतो. पण कॉन्टॅक्ट खराबच असेल तर पडद्यावर कचरा दिसतो, नाहीतर काहीच दिसत नाही. लक्षण गेलं, आजार तसाच. नॉइजचं कारण न शोधता डेटाला स्मूदिंग लावतो तेव्हा आपणही चौथी पिनच तोडत असतो.

आता माझी फुंकर सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या इलेक्ट्रोडचा सिग्नल मध्येच खूप नॉइजी यायचा. सीनिअरचा सल्ला होता, इलेक्ट्रोड काढ, दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेव, परत लाव. सिग्नल सुधारायचा. मी चार महिने तेच केलं. पृष्ठभागावर थर साचतो आणि बाथमध्ये तो निघतो, असं प्रोग्रेस रिपोर्टमध्ये ठोकूनही दिलं. गाइडनी एकच विचारलं, "बाथमध्ये न ठेवता नुसता काढून लावला तर?"

लावून बघितला. तेवढ्यानेही सुधारला! इलेक्ट्रोड ठणठणीत होता, त्याला लावायची क्रोकोडाइल क्लिप गंजली होती. दर वेळी काढता-लावताना तिचे दात घासले जायचे आणि कॉन्टॅक्ट बसायचा. क्लिप बदलायला पाच मिनिटं लागली. पण आधीच्या चार महिन्यांतली कुठली रीडिंग्ज खरी, हे काही सांगता येईना. ती सगळी बाजूला ठेवून पुन्हा घ्यावी लागली. रिपोर्टमधलं ते वाक्य खोडताना काय वाटलं, ते विचारू नका.

म्हणून एखादा उपाय "चालतो" असं वाटलं की तीन गोष्टी करा. एक, त्या उपायात नेमक्या किती कृती आहेत ते वहीत सुटं सुटं लिहा. काढणं, फुंकणं, लावणं या तीन कृती आहेत, एक नाही. दोन, संशयित कृती वगळून बाकी सगळं तसंच करा. तीन, उपाय फसला त्या वेळांचीही नोंद ठेवा. फुंकरीवर आपला विश्वास बसला, कारण न लागलेल्या वेळा कोणी मोजल्याच नाहीत.

प्रत्येक लॅबमध्ये अशी एखादी फुंकर असतेच, आणि ती बहुतेक वेळा प्रेमळ सीनिअरकडून आलेली असते. त्यांचा मान ठेवा, पण उद्या एकदा न फुंकता कॅसेट लावून बघा.