बिऱ्हाड हलवताना अ‍ॅपने काय सांगावे?

नोकरीतील बदली, शिक्षण, विवाह किंवा उपजीविकेचा शोध, कारण कोणतेही असो, गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड थाटणाऱ्यांची संख्या आपल्या देशात अफाट आहे. २०११च्या जनगणनेनुसार आपले पूर्वीचे राहण्याचे ठिकाण सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ कोटी भरली. त्यांत विवाहामुळे गाव बदलणाऱ्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी रोजगार आणि शिक्षणासाठी शहराकडे येणारेही थोडे नाहीत. आज अशा माणसाच्या हातातील मोबाइलवर घर शोधणारे अ‍ॅप असते, सामान हलवणाऱ्यांचे असते, रस्ता दाखवणारा नकाशा असतो. तरीही नव्या शहरातील पहिले दोन-तीन महिने कुटुंबाची धावपळ संपत नाही. याचे कारण माहितीच्या अभावात शोधण्यापेक्षा क्रमाच्या अभावात शोधावे लागेल. प्रत्येक अ‍ॅपला आपापला तुकडा ठाऊक असतो. कोणते काम आधी केले म्हणजे पुढचे कोणते दार उघडते, हे मात्र कोणीच सांगत नाही. स्थलांतरासाठी एखादे उपयुक्त अ‍ॅप आखायचे असेल, तर आखणीची सुरुवात या क्रमापासूनच व्हायला हवी.

जुनी व्यवस्था

हे काम पूर्वी माणसेच करीत असत. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात येणारा तरुण गावकरी मंडळाच्या खोलीत उतरत असे. पाळीनुसार झोपायला जागा मिळे, जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे होई आणि गावचाच कोणी जाणता त्याला गिरणीतल्या जॉबरपुढे नेऊन उभा करी. या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे संघटन प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने उभे केले. त्या खोलीत दाटी होती, जातीपातीची आणि गावकीची कुंपणेही होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिने तीन गोष्टी नेमक्या पुरवल्या: विश्वासाचा माणूस, पहिल्या दिवसाची सोय आणि ‘आधी हे कर, मग ते’ असा सल्ला. आजच्या अ‍ॅपची तुलना करायची ती या खोलीशी करावी.

पहिली किल्ली

पुण्याचेच उदाहरण घेऊ. भाड्याने घर घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उद्भवला, तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे.

या एका कागदावर पुढची साखळी अवलंबून असते. आधारवरील पत्ता बदलण्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो. केवळ नोटरीचा शिक्का मारलेला चालत नाही. आधारवरील पत्ता बदलला की बँक, वाहन परवाना आणि पारपत्र यांची वाट सोपी होते. करार न नोंदवणारा घरमालक मिळाला, तर ही साखळी पहिल्याच कडीवर तुटते. म्हणून ‘घरमालक करार नोंदवून देणार आहे काय?’ हा प्रश्न अ‍ॅपने वापरकर्त्याला विसार देण्यापूर्वी विचारायला लावला पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे कामही घरमालकाने त्याच सुमारास उरकावे, अशी आठवण त्याच पानावर असावी.

हा अनुभव केवळ आपलाच आहे असे नाही. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत जाणाऱ्या मराठी तरुणांना तेथेही अशीच एक किल्ली सांभाळावी लागते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि १ नोव्हेंबर २०१५पासून त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र सक्तीचे आहे. करक्रमांक मिळणे या नोंदीवरच अवलंबून असते. शहर बदलते, कागदाचे नाव बदलते. परंतु एखादी पहिली किल्ली प्रत्येक ठिकाणी असते. आखणी करणाऱ्याने आधी ती शोधावी.

राज्य तेच की वेगळे?

अ‍ॅपने विचारायचा दुसरा प्रश्न अगदी साधा आहे. नागपूरहून पुण्याला येणारे कुटुंब आणि इंदूरहून येणारे कुटुंब यांचे सामान सारखे असेल, पण कामांची यादी वेगळी असते. वाहनाचेच पाहा. पत्ता बदलल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. नागपूरकराचे काम येथे संपते. इंदूरकराने वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवले, तर त्याला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नव्या राज्याचा कर या गोष्टी आल्या. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली. सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळू शकते. हा पर्याय ज्याला लागू असेल त्यालाच तो दाखवावा. इतरांच्या यादीत तो आला, तर गोंधळच वाढेल.

काही कामे आता करावीच लागत नाहीत, हे सांगणेही तितकेच मोलाचे आहे. जुलै २०१५पासून देशभर कोठेही गेले तरी मोबाइलचा तोच क्रमांक ठेवता येतो. आधारची खातरजमा त्याच क्रमांकावर होत असल्याने स्थलांतराच्या धांदलीत तो न बदललेलाच बरा. शिधापत्रिकेचेही तसेच आहे. २०१९मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांत सुरू झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०२२मध्ये आसामच्या समावेशानंतर सर्व राज्यांत पोहोचली. अन्न सुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्याला आधारशी जोडलेल्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यातही धान्य घेता येते, आणि गावी राहिलेल्या कुटुंबीयांना उरलेला वाटा तेथेच उचलता येतो. बांधकामावर किंवा घरकामासाठी येणाऱ्या कित्येक कुटुंबांना ही बाब ठाऊक नसल्याने ती बाजारभावाने धान्य घेत राहतात. मतदार यादीतील नाव मात्र आपणहून हलवावे लागते. त्यासाठी २०२२पासून अर्ज क्रमांक आठ भरायचा असतो.

मुलांची शाळा

घर बदलताना सर्वांत मोठी किंमत मुलांना मोजावी लागते. जुन्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून नव्या शाळेत प्रवेश नाही, हे उत्तर पालकांना नवे नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम ५नुसार मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे आणि तो मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. शाळा बदलण्याचा हा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांबाबत आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना तो लागू नाही. अ‍ॅपने हा फरक स्पष्ट सांगितला नाही, तर पालक कायद्याचा कागद घेऊन चुकीच्या दारात उभा राहील.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे, तर कर्नाटकात कन्नडसंबंधीचा असा कायदा २०१५चा आहे. पुण्याहून बंगळूरुला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला हे जूनमध्ये कळण्यापेक्षा मार्चमध्ये कळलेले अधिक उपयोगाचे.

नकाशाला न दिसणारे शहर

घर शोधताना बहुतेक अ‍ॅप भाडे, क्षेत्रफळ आणि अंतर एवढेच दाखवतात. हिंजवडीत कामाला जाणाऱ्याला किलोमीटरपेक्षा सकाळी नऊ वाजता लागणारा वेळ महत्त्वाचा असतो, आणि पावसाळ्यात तो आणखी वाढतो. पुणे महापालिकेत २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावे समाविष्ट झाली. अशा नव्या भागांतील अनेक सोसायट्यांची भिस्त पाण्याच्या टँकरवर राहिली आहे. नळाला पाणी किती वेळ येते, टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, अनामत रक्कम कधी आणि कशी परत मिळेल, या प्रश्नांची छापील यादी घर पाहायला जाणाऱ्याच्या हाती असेल, तर पुढचे पुष्कळ वाद टळतील. घर प्रत्यक्ष न पाहता पैसे पाठवू नयेत, ही सूचना तर प्रत्येक पानावर ठळक असावी.

पैसा कोणाचा, माहिती कोणाची?

आखणीतील सर्वांत अवघड निर्णय तांत्रिक नाही. असे अ‍ॅप चालवायला पैसा लागतो आणि तो दलाल, सामान हलवणारे किंवा खासगी शाळा यांच्याकडून सहज मिळतो. परंतु दलालीवर चालणारे अ‍ॅप ‘हे घर घेऊ नका’ असे कधी सांगेल काय? कर्मचाऱ्यांची बदली करणाऱ्या कंपन्यांनी शुल्क भरावे आणि व्यक्तींना सेवा मोफत मिळावी, हा त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग दिसतो. जाहिरात घ्यायचीच झाल्यास ती सल्ल्यापासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे.

माहितीचेही तसेच. बिऱ्हाड हलवणाऱ्याकडे आधार, पगारपत्रक, मुलांचे दाखले असा सारा संसार कागदांत असतो. हे कागद अ‍ॅपने मागूच नयेत. काम झाले की खूण करता येईल, एवढी यादी पुरेशी आहे. विशिष्ट कामासाठी लागेल तेवढीच माहिती संमतीने घ्यावी, हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही, हे त्याहून सोपे सूत्र.

सुरुवात लहान असावी

पहिली आवृत्ती एकाच शहरापुरती, एकाच मुक्कामाच्या पहिल्या नव्वद दिवसांपुरती असावी. प्रत्येक नियमाखाली तो शेवटचा कधी तपासला, ती तारीख असावी. जुना नियम ठामपणे सांगणारे अ‍ॅप नसलेले बरे. भाषा मराठी आणि हिंदी असावी, आणि रेल्वेत जाळे तुटले तरी यादी उघडावी. आखणी करताना समोर ठेवायचा माणूस मात्र नीट निवडावा. ज्याला कंपनी गेस्ट हाउस देते, त्याचे काम अ‍ॅपवाचूनही भागते. ज्याच्याजवळ नोंदणीकृत करार नाही, ज्याचे मूल वर्षाच्या मध्यावर शाळेबाहेर आहे आणि जो या शहरात कोणालाच ओळखत नाही, त्याच्यासाठी ही यादी चालली, तर ती सर्वांसाठी चालेल.

किती लाख लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतले, हा त्याच्या यशाचा निकष होऊ शकत नाही. सामान उतरवल्यापासून चूल पेटायला, मूल शाळेत बसायला आणि नवा पत्ता कागदावर यायला किती दिवस लागले, हे मोजावे. ते दिवस कमी झाले, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.