‘गुण’ : एक शब्द, अनेक शास्त्रे

‘गुण’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ दोरा किंवा दोरीचा पदर असा आहे. धनुष्याच्या दोरीलाही संस्कृतात गुण म्हणतात. मराठीत हा अर्थ आता उरलेला नाही, पण गणितातला गुण समजून घ्यायला तोच उपयोगी पडतो. दोरी दुपदरी केली की द्विगुण, तिपदरी केली की त्रिगुण. पटीचा हाच अर्थ पुढे गुणाकारात आला. ज्या संख्येला गुणायचे ती गुण्य, जिने गुणायचे ती गुणक.

दर्शनांत मात्र या शब्दावरून खरा मतभेद आहे. सांख्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांचीच प्रकृती बनलेली आहे. म्हणजे गुण हे तिचे घटकच. वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी गुण म्हणजे द्रव्याच्या आश्रयाने राहणारा रंग, रस, गंध यांसारखा धर्म. तो स्वतः द्रव्य नव्हे. असे 24 गुण प्रशस्तपादाने मानले. सांख्यांचा गुण वैशेषिकांच्या अर्थाने वाचला, तर सारेच विवेचन फसते.

आयुर्वेदातला गुण वैशेषिकांच्या अर्थाला जवळचा, पण पूर्णपणे व्यवहारातला. गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष अशा दहा जोड्यांचे 20 गुण त्यात सांगितले आहेत. तूप स्निग्ध, लाह्या लघू. समान गुणाने वाढ होते, विरुद्ध गुणाने घट. म्हणूनच वात वाढून अंगात रूक्षता आली की तेलाचा अभ्यंग सांगतात.

व्याकरणात चांगल्यावाईटाचा प्रश्नच येत नाही. पाणिनीने अ, ए, ओ या स्वरांना ‘गुण’ ही केवळ संज्ञा दिली. महा आणि ईश मिळून ‘महेश’ होतो, सूर्य आणि उदय मिळून ‘सूर्योदय’, तो गुणसंधी. काव्यशास्त्रात मम्मटाने माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीनच गुण मानले.

पत्रिका जुळवताना आणि परीक्षेत गुण हे मोजण्याचे एकक होते. पत्रिकेत एकूण 36 गुण धरतात. त्यांत वर्णाला 1, तर नाडीला 8. किमान 18 जुळावेत, असा संकेत आहे.

आणि घरातल्या बोलण्यात ‘औषधाचा गुण आला’ म्हटले, की त्याचा अर्थ एवढाच : रोग्याला उतार पडू लागला.