ट्युबाची कुळकथा

● धातू : ट्युबा हे फुंकून वाजवायचे वाद्य मुख्यतः पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे.

● पूर्वज : नागमोडी लाकडी 'सर्पेंट'; पुढे १८२१ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट मिळालेले ऑफिक्लाइड.

● जन्म : १२ सप्टेंबर १८३५. बर्लिनमध्ये विप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी पाच व्हॉल्व्हच्या ट्युबाचे पेटंट घेतले.

● युक्ती : व्हॉल्व्ह दाबला की नळीतली हवेची वाट लांबते, स्वर खाली उतरतो.

● भारतात : ब्रिटिश लष्करी बँडमधून ट्युबासारखी पितळी वाद्ये लग्नाच्या वरातीत आली. उत्तर प्रदेशातील मेरठ हे त्यांच्या निर्मितीचे मोठे केंद्र.

● ओळख : बँड पथकात वर तोंड केलेला, पोटाशी धरलेला कर्णा दिसला, तर तो बहुधा ट्युबाचा धाकटा भाऊ युफोनियम समजावा.