गोल्फची पकड कशी सुधारते?

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीत गोल्फचं मैदान आहे. या खेळात चेंडू वाकडा जातो तो बऱ्याचदा पकडीमुळे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर, उजवा खाली असतो; उजवी करंगळी डावी तर्जनी आणि मधलं बोट यांच्या खाचेवर टेकते. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनमुळे ही पकड लोकप्रिय झाली.

अडचण अशी, की चुकीची पकड सवयीची असते म्हणून बरोबर वाटते. नवी धरली की फटके आधी आणखी बिघडतात. इथेच बरेच जण मागे फिरतात. म्हणून सुरुवातीला चेंडू नकोच. काठी धरायची, बोटं बघायची, सोडायची, पुन्हा धरायची. मग छोटे फटके.

आमच्या मावळातल्या पहिलीच्या वर्गात पेन्सिल मुठीत धरणाऱ्या पोराचंही तेच. पकड बदलली की अक्षर बिघडतं, आणि आई म्हणते, "गुरुजी, आधीचंच बरं होतं की!"