नक्षी अडली की ताल धरावा

सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागाचा खडखडाट सतत कानावर पडतो, पण चादरीची सुरुवात त्या आवाजात होत नाही. ती होते चौकटीच्या कागदावर. एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायची, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची. मागावर जिथे भोक येईल तिथला उभा धागा उचलला जातो. आता यातले बरेच काम संगणकावर होते. ते साजेसेच आहे, कारण एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्टीची युक्ती जॅकार्ड मागाकडूनच उसनी घेतली होती.

साधन बदलले तरी नक्षीकाराची एक अडचण जुनीच आहे. वर्षानुवर्षे मोर आणि वेल काढल्यावर काही नवे काढायला बसले, तरी हात मोराच्या मानेकडेच वळतो. कवी, रांगोळी काढणारी गृहिणी, दरवर्षी तोच धडा शिकवणारे शिक्षक, सर्वांना हा अनुभव येतो. ‘कल्पना आटल्या’ असे म्हणून माणूस खचतो.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ मधला प्रयोग इथे पाहण्यासारखा आहे. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी. १०० मापे पाणी मोजायचे. मोठे भांडे भरून त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढले की झाले. याच रीतीने सुटणारी अनेक गणिते लागोपाठ दिल्यावर त्यांनी २३, ४९ आणि ३ मापांची भांडी दिली आणि २० मापे मागितली. २३ मधून ३ काढले की उत्तर हाती येते. बहुतेकांनी मात्र ४९ मधून २३ वजा केले, मग दोनदा ३. आधीची गणिते न सोडवलेल्यांना सोपी वाट चटकन दिसली.

म्हणजे कल्पना आटलेली नसते, एका सवयीच्या रीतीने वाट अडवलेली असते. अशा वेळी त्याच कागदावर आणखी दोन तास बसण्यात अर्थ नाही. ओढल्याने गाठ अधिक आवळते, हे विणकराला वेगळे सांगायला नको.

दुसरी कला कामी येते ती इथे. नक्षी काढताना डोळे आणि जागेचे भान राबते. ताल धरताना श्रवणाचे भाग, लहान मेंदू आणि हालचालींची आखणी करणारे भाग एकत्र कामाला लागतात. (डावा मेंदू हिशेबाचा आणि उजवा कलेचा, ही लोकप्रिय वाटणी शास्त्राच्या कसोटीला उतरलेली नाही.) नक्षीकार टाळ घेऊन भजनाला बसला, की आवर्तन कुठे संपते, सम कुठे येते, दोन ठोक्यांमध्ये किती रिकामे सोडायचे, हे त्याला कानाने कळते. चादरीच्या किनारीत किती घरे मोकळी ठेवायची, हा प्रश्न याहून फार निराळा नाही. शिवाय टाळ हाती घेतल्यावर तो नवशिका असतो. तिथे अजून सवयीची पायवाट पडलेली नसते.

वैद्यकालाही अशी उसनवारी लाभली आहे. छातीवर बोटांनी ठोकून आतल्या दोषाचा अंदाज घेण्याची रीत १७६१ मध्ये मांडणारे लिओपोल्ड ऑएनब्रुगर संगीताचे जाणकार होते. त्यांनी एका संगीतिकेची संहिताही लिहिली. स्टेथोस्कोपचे जनक रने लेनेक बासरी वाजवत.

सोलापूरकरांना तर घरचेच उदाहरण आहे. पंढरपुरात जन्मलेले डॉ. जब्बार पटेल सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले आणि प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी राहिले, जिथे गायक-लेखकांची ये-जा असे. पुढे ते बालरोगतज्ज्ञ झाले, दौंडला दवाखाना चालवला आणि नाटकेही बसवली. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाला संगीत होते सतारवादक भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यात ओळीने उभी असलेली माणसेच पडदा होतात. तीच गातात, नाचतात आणि क्षणात दुसरे काही बनतात. नेपथ्याचा प्रश्न देहाने आणि सुराने सोडवला. डॉक्टर असल्याने नाटक चांगले बसते, असा याचा अर्थ काढू नये. पण एका माणसात दोन-तीन विद्या शेजारी नांदू शकतात, हे यातून दिसते.

यासाठी हात तयार असावा लागत नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंग आणि कागदाची कात्रणे हाताळायला दिली. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मात्र अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसते स्वस्थ बसूनही काही उतार पडला असता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असे म्हटले. ते औषधांची जागा घेते, असे म्हटलेले नाही.

कला निवडताना दिवसभराचे काम पाहावे. यंत्रमागाच्या खात्यातला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो. आठ तास तो सोसलेल्या कानांना संध्याकाळी पुन्हा ढोल-ताशा किंवा मोठे स्पीकर नकोत. त्यांनी माती मळावी, चित्र काढावे. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईने फेर धरावा. बतुकम्माचा फेर पूर्व भागात कुणाला शिकवावा लागत नाही. मोबाईलवर इतरांची कला पाहत राहणे यात मोजू नये. केलेले कुणाला दाखवण्याचीही घाई नको, नाहीतर तिथेही दुसरा मोर सुरू होतो.

एक भेद मात्र ओळखायला हवा. अडलेल्या माणसाला काम सुचत नाही, पण चहा गोड लागतो, नातवंड जवळ आले की बरे वाटते. दोन आठवडे किंवा अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टाळ-कुंचल्याने ते बरे होईल म्हणून वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.