कोलंबिया विद्यापीठ : रचना आणि अध्ययनक्रम

खासगी विद्यापीठ म्हणजे शासनाशी कसलाही संबंध नसलेली विद्यासंस्था, असा समज पुष्कळदा आढळतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा इतिहास पाहता तो टिकत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेने १७५४ मध्ये हे विद्यालय ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने स्थापन झाले; अमेरिकन राज्यक्रांतीनंतर, १७८४ मध्ये, त्यास कोलंबिया हे नाव प्राप्त झाले. संशोधनासाठी त्यास संघशासनाचे साहाय्यही मिळत आले आहे. मात्र कारभाराची अंतिम सत्ता विश्वस्तमंडळाच्या हाती असते. त्याच्या खासगीपणाचे खरे लक्षण हेच होय.

वैद्यक, विधी, अभियांत्रिकी, वृत्तपत्रविद्या अशा अनेक शाखांचे अध्यापन येथे होते. पदवीच्या विद्यार्थ्यास, त्याचा विशेष विषय कोणताही असो, काही समान अभ्यास करावा लागतो. या पद्धतीचा आरंभ १९१९ मध्ये आधुनिक संस्कृतीवरील एका पाठ्यक्रमाने झाला. पदव्युत्तर अध्ययनाला १८८० मध्ये स्थापन झालेल्या राज्यशास्त्र विद्याशाखेने निश्चित वळण दिले. व्याख्यानांच्या जोडीला चर्चासत्र आले आणि विद्यार्थ्याने स्वतःचा निबंध सहाध्यायांपुढे मांडून त्याचे समर्थन करावे, अशी अपेक्षा रूढ झाली.

या शिस्तीचा परिचय महाराष्ट्राला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातून आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये तेथे गेले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असूनही इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचे अध्ययन त्यांना करता आले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रातच वाचला गेला.

परंतु स्वायत्तता आणि विचारस्वातंत्र्य या एकच गोष्टी नव्हेत. सक्तीने भरती केलेले सैनिक परदेशी युद्धास पाठवू नयेत, अशी विनंती जेम्स मॅकीन कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना केली, तेव्हा ऑक्टोबर १९१७ मध्ये विश्वस्तांनी त्यांना पदच्युत केले. त्याच महिन्यात विश्वस्तांच्या धोरणाच्या निषेधार्थ इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. कोलंबिया कॉलेजचे द्वारही स्त्रियांना १९८३ मध्येच खुले झाले.

तात्पर्य, शासनाच्या नियंत्रणापासून मुक्त असलेले विद्यापीठ अध्यापकाला आपोआप मुक्त करीत नाही. चर्चासत्रात विद्यार्थ्याला मिळणारे स्वातंत्र्य विश्वस्तांच्या सभागृहातही मान्य होते की नाही, यावरच अशा संस्थेचे मूल्य ठरते.